तीन धवल्यांचा फोटो

आमच्या चौलात पहिला कॅमेरा कुणी आणला, असं कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांगा! आणला म्हणजे, मुंबईहून तो बिस्किटं भरून आला होता. बिस्किटं आम्ही खाल्ली. रिकाम्या डब्याला मी आतून काजळी फासली, पुढं टाचणीनं एक भोक पाडलं आणि मागं काचेची प्लेट बसवायला खाच केली. झाला कॅमेरा! भिंग नाही, चाप नाही, काही नाही. भोकावर कातड्याची एवढीशी झडप. उघडली की फोटो सुरू, पाडली की फोटो बंद. ही सगळी विद्या मी अलिबागच्या वाचनालयातून रद्दीत निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकातून शिकलो. पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, पण तेवढं मी माझ्या डोक्यातून भरून काढलं.

मी दयाराम. सुपारीची वाडी आहे, पानाचा डबा आहे आणि तुळशी नावाची बायको आहे. यातल्या वाडीवर आणि डब्यावर माझी सत्ता चालते.

तर टाचणीच्या भोकातून उजेड येतो तो अगदी झिरपत झिरपत येतो. त्यामुळं प्लेटीला वेळ द्यावा लागतो. भर उन्हात अर्धं मिनिट, सावलीत दोन मिनिटं. तेवढ्या वेळात जो हलला तो फोटोतून गेला! रेवदंड्याच्या भर बाजाराचा मी फोटो काढला, तर त्यात आली एक सोडलेली बैलगाडी आणि एक झोपलेलं कुत्रं. बाकी अख्खा बाजार चालता-बोलता होता म्हणून गायब. "बाजार कुठाय?" तुळशीनं विचारलं. मी म्हटलं, "बाजार आहे, पण दिसत नाही." तिनं आधी फोटोकडं आणि मग माझ्याकडं बघितलं.

दुसरी भानगड रंगांची. माझ्या प्लेटींना निळा रंग झकास दिसतो, पिवळा जेमतेम दिसतो आणि लाल मुळीच दिसत नाही. लाल उजेड म्हणजे त्यांच्या लेखी मिट्ट काळोख. हे मला कळलं कोंडाजीच्या मुलाच्या हळदीत. शेजारधर्म म्हणून नवरदेवाचा फोटो काढून दिला. पोरगा हळदीनं नुसता पिवळाधमक झालेला, आणि फोटोत आला कोळशाच्या वखारीतून उचलून आणल्यासारखा! नाक, डोळे, कपाळ, सगळं काळंकुट्ट. मुलीकडच्यांनी तो फोटो बघून दोन वेळा निरोप पाठवून नवरदेवाच्या तब्येतीची चौकशी केली. तेव्हापासून कोंडाजी माझ्याशी बोलत नाही.

आता माघ महिन्यातली गोष्ट. नीराबाई कोळीण सकाळी म्हावरं घेऊन आली. पाटी उतरवली, पण झाकण काही काढलं नाही. तशीच उभी राहिली.

"शेट, तुमचा तो डबा हाय ना, त्यात माजे केसरची हलद बसवाल का?"

"केसरचं लग्न ठरलं? वा! पण फोटो कशाला? तुमच्यात कुणी असलं काही..."

"तिचे बापाला धाडाचाय," नीराबाई म्हणाली. तिचा नवरा बुधाजी आगबोटीवर खलाशी. आज एडन, उद्या मोंबासा. "चार वरसं झाली, शेट. दर साली लिवतो, पुढचे साली येतो. पोरगी तेवढीशी टाकून गेला, आता ती सासरी चालली. मानूस येत न्हाय त न्हाय, पोरीची हलद तरी त्याला दिसू दे. येकुलती येक हाय वो."

एरवी नीराबाई म्हणजे वाटाघाटीत भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई. तिचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. तिनं पदरानं नाक पुसलं आणि लगेच मुद्द्यावर आली.

"पन कोंडाजीचे पोरावानी काली न्हाय ना येनार?"

"छे छे! तेव्हा माझ्याकडं फिल्टर नव्हता!"

तेव्हा नव्हताच, आणि त्या घटकेलाही नव्हता. पण पुस्तकात होता! कॉन्ट्रास्ट फिल्टर. म्हणजे भोकापुढं पिवळी काच धरायची. ती निळा उजेड अडवते, पिवळ्याला वाट देते, आणि काळी पडणारी हळद चांदीसारखी उजळ येते. फक्त वेळ तिप्पट द्यायचा. दोन मिनिटांच्या जागी सहा. पिवळी काच चौलात कुठून आणणार? मी ती घरीच केली! हळद स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, सरसात कालवली आणि तसबिरीच्या काचेच्या तुकड्यावर ओतली. वाळल्यावर असा काही सोनेरी रंग आला म्हणता! उन्हात धरून मी अर्धा दिवस जगाकडं त्यातूनच बघत होतो. तुळशीसुद्धा त्यातून बरी, म्हणजे प्रसन्न दिसत होती.

"याला कुणी हात लावायचा नाही!" मी घरात जाहीर केलं. "बोट लागलं की फिल्टर गेला!"

"आम्हाला काय करायचंय तुमच्या हळदीच्या काचेला हात लावून?" तुळशी म्हणाली. "स्वयंपाकघरातली हळद तेवढी संपवलीत, ती आणून द्या."

राहिला प्रश्न घड्याळाचा. माझं घड्याळ वडिलांच्या वेळचं. ते दिवसातून एकदा चालतं, आणि कधी चालेल ते त्याच्या मर्जीवर. मग मला एक नामी युक्ती सुचली. कोळ्यांच्या हळदीत धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नातली देवाधर्माची गाणी. तिच्यावाचून हळद लागत नाही. रेवदंड्याची मैना धवलारीण पंचक्रोशीत नावाजलेली. तिला मी आदल्या दिवशी पडवीत बोलावलं, एक धवला म्हणायला लावला आणि शाळेतून तासाभरापुरत्या मागून आणलेल्या घड्याळावर मोजला. बरोबर दोन मिनिटं! म्हणजे तीन धवले, सहा मिनिटं. हिशेब कसा चोख बसला! मी खूश होऊन मैनाला विडा करून दिला.

"मैनाबाई, उद्या मी झडप उघडली की सुरू करायचं. तिसरा संपला की मी झडप पाडणार. पुढं तुम्हाला हवं ते म्हणा."

"व्हय," मैना म्हणाली. तिनं विडा गालात सरकवला आणि निघून गेली. तिला आणखी काहीतरी विचारायला हवं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मी डबा, तिकाटणं, फिल्टर आणि पानाचा डबा घेऊन कोळीवाड्यात हजर. शेवटची एकच प्लेट उरली होती, ती डब्यात. मुंबईहून दुसरी यायला पंधरा दिवस, आणि पोरीला हळद लागते एकदाच. हे मी नीराबाईला सांगितलं नव्हतं. कशाला घाबरवायचं?

मंडपात ही गर्दी! माडाच्या झावळ्यांतून कवडसे पडलेले, वाजंत्री चाललेली, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास भरून राहिलेला. मधोमध पाटावर केसर. सतरा-अठरा वर्षांची, बायकांनी हळदीनं माखून टाकलेली, हसू आवरत नसलेली पोर. मी डबा समोर मांडला आणि तिला म्हटलं, "हे बघ बाय, मैनाबाईचे तीन धवले होईपर्यंत हलायचं नाही. हललीस तर फोटोत येणार नाहीस. हा फोटो तुझ्या बापाला जायचाय."

हसू गपकन मावळलं. "बाबा बगनार?" तिनं विचारलं.

"अगदी डोळ्यांसमोर धरून बघणार."

"मग न्हाय हलनार," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली.

अशा वेळी कलावंताला पान लागतं. मी पान काढलं, बोटानं चुना लावला, कात-सुपारी घातली आणि विडा तोंडात कोंबला. मग फिल्टर भोकापुढं बसवला. बघतो तर त्यावर धूळ! मंडपात बायका नाचून गेलेल्या, धूळ बसणारच. मी अंगठा जिभेला लावला, अंगठ्या-बोटाच्या चिमटीत काच धरली आणि दोन्ही बाजू स्वच्छ चोळून, नजर केसरवर ठेवूनच ती परत बसवली. हो, हात मीच लावला. पण मालकाच्या हाताची गोष्ट वेगळी!

"मैनाबाई, सुरू!" झडप वर.

मैनानं डोळे मिटले आणि पहिला धवला लावला. आवाज असा, की वाजंत्री आपोआप थांबली. मी मनात मोजत होतो. दोन मिनिटं झाली, धवला चालू. चार झाली, चालूच! गणपती झाला, खंडोबा झाला, एकवीरा झाली, आणि आता बाई नवरीच्या आज्यापणज्यापासून एकेकाचं नाव घेत होती. प्रत्येकाच्या नावाला एक वळसा. मी नीराबाईच्या कानाशी लागलो.

"काल हा दोन मिनिटांत संपला होता हो!"

"काल तुमचे पडवीत पावनं कुठं व्हतं?" नीराबाई म्हणाली. "आज समदे आलेत. येकाचं नाव गाललं तरी रुसवा व्हईल."

"मग मध्येच थांबवा!"

नीराबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. "धवला मदी तोडाचा? पोरीचा सवसार मदी तुटंल! तीन बोललात ना? तीन व्हनार."

आता आली का पंचाईत! झडप आत्ताच पाडावी तर पुरता वेळ झाला की नाही कळत नाही. बोलण्यात मनातली मोजणी चुकली, आता वेळ मोजणार कशानं? माझं घड्याळ म्हणजे मैना! शेवटी म्हटलं, असू दे, थोडा जास्त उजेड गेलेला बरा. पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या. मंडपाच्या खांबाशी एक रिकामा पाट दिसला. फोटोच्या चौकटीबाहेर आहे, याचा मी नजरेनं अंदाज घेतला आणि टेकलो. गालात विडा, पाठीला खांब, कानात मैनाचा संथ सूर... पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती हास्याच्या गदारोळानं. मैनाचा तिसरा धवला संपला होता आणि सगळा मंडप माझ्याकडं बघून हसत होता. गालाला हात लावला तर हाताला हळद! कपाळाला, कानांना, टकलाला, सगळीकडं हळद!

"आमचे हलदीत कोन कोरडा जात न्हाय, शेट!" एक बाई ओरडली. "तुमी त आयतेच गावलात, हालत बी नव्हता!"

मी धडपडत उठलो आणि झडप पाडली. "किती वेळ झाला?"

"पावनं धा गावांवरनं आलं व्हतं, समद्यांची नावं घ्याला लागली," मैना पाणी पीत म्हणाली. "पाऊन तास झाला असंल."

पाऊण तास! सहा मिनिटांच्या जागी पाऊण तास! प्लेट पार जळून गेली असणार. मी फिल्टर काढून उजेडात धरला. फिल्टर लाल होता! सोनेरी नाही, पिवळा नाही, कुंकवासारखा लाल!

म्हणजे आता काय झालं बघा. लाल उजेड म्हणजे माझ्या प्लेटीला काळोख. पाऊण तास मी त्या प्लेटीला काळोख दाखवत बसलो होतो. आत काही असेलच तर अंधाराचा फोटो असणार. केसर अजून पाटावर तशीच बसलेली. मान अवघडली होती तिची, पण हलली नव्हती. "आलं का, शेट?" तिनं ओठसुद्धा जपून हलवत विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आलं हं, बाय," मी म्हटलं, आणि तोंड चुकवून घर गाठलं.

तुळशीपुढं लाल काच ठेवली. "कुणीतरी चेटूक केलं!"

तुळशीनं काच पाहिली, मग माझं बोट पाहिलं. "विडा केव्हा खाल्लात?"

"आधी. पण विड्याचा इथं काय..."

"आणि त्याच हातानं काच पुसलीत." तिनं कपाळावर हात मारला. "अहो, हळदीला चुना लागला की कुंकू होतं! पाच वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं हे! तुमच्या इंग्रजी पुस्तकात नव्हतं वाटतं?"

असेलही. वाळवीनं खाल्लेल्या पानांत असेल. मी कोठीच्या खोलीत शिरलो, फटी बुजवल्या, लाल कंदील लावला आणि प्लेट औषधात सोडली. मिनिट गेलं. काही नाही. दुसरं गेलं. काही नाही. नीराबाईला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव सुरू केली, आणि काचेवर एक डाग उमटला. मग दुसरा. मग पाट. मग गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात!

"तुळशी! ये ये ये! आली! केसर आली!"

झालं होतं असं, की माझ्या घरगुती फिल्टरचा लाल काही चोख लाल नव्हता. काठांना, मध्ये मध्ये पिवळेपण राहिलं होतं. त्यातून थेंब थेंब उजेड जात होता. सहा मिनिटांत त्यातून काहीच आलं नसतं, पण मैनानं एकही पाहुणा गाळला नाही आणि पोरीनं पाऊण तास मान हलवली नाही! मी मात्र तेव्हाच ठरवून टाकलं, की हा वेळ मी हिशेबानं दिला होता असंच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी कागदावर छाप काढला. काय सांगू! हळदीचं तोंड असं उजळ, की केसरच्या चेहऱ्यावर जणू दिवा लावलाय. कोंडाजीला कुंपणावरून दाखवला, तर तो दोन महिन्यांत पहिल्यांदा "हं" म्हणाला. नाचणाऱ्या बायका, वाजंत्री, मैना, दोनशे पाहुणे, सगळे हलते म्हणून धुक्यासारखे विरून गेले होते. रिकाम्या मंडपात फक्त केसर. आणि तिच्या शेजारी, खांबाला टेकून, मी!

टाचणीचं भोक माझ्या अंदाजापेक्षा बरंच रुंद बघतं, हे तेव्हा कळलं. पण खरं सांगू? मी फोटोत वाईट नव्हतो. हळदीनं माझाही चेहरा उजळला होता. चांगला चाळिशीचा दिसत होतो!

"तो कोपरा कापून टाका," तुळशी म्हणाली.

"कापला तर केसरचा खांदा जाईल. आणि चित्रकार चित्राखाली सही करतो की नाही? ही माझी सही समज."

"सहीला गालफड नसतं," तुळशी म्हणाली. पण मी ऐकलं नाही. फोटो पाकिटात घातला, वर बुधाजीच्या बोटीचं नाव घातलं, आणि नीराबाईच्या देखत टपालात टाकला. फोटो बघून ती इतकी हरखली होती की रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली. पुढचा आठवडाभर आमच्याकडं पापलेटाशिवाय दुसरं म्हावरं आलं नाही.

महिना गेला, दीड महिना गेला. केसर सासरी रुळली. आणि एक दिवस नीराबाई पाटीसुद्धा न घेता धावत आली. हातात पत्र. कोळीवाड्यातली पत्रं वाचायला माझ्याकडंच येतात. बुधाजीनं बोटीवरच्या कुणा लिहित्या माणसाकडून लिहून घेतलं होतं.

"वाचा, शेट, लवकर वाचा! फोटू गावला का त्याला?"

तुळशीही भाकऱ्या टाकून दारात आली. मी चष्मा चढवला आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "'फोटो मिळाला. पोर किती मोठी झाली. बघून रडलो. सगळ्या बोटीला दाखवला. कप्तानसाहेबानंसुद्धा पाहिला.'" मी थांबलो. कप्तानसाहेबानं! कुंपणापलीकडच्या कोंडाजीलाही ऐकू जावं म्हणून ते वाक्य मी पुन्हा वाचलं. नीराबाई हसत होती, रडत होती.

"'पण नीरा,'" मी पुढं वाचू लागलो, "'पण नीरा, हा...'" आणि मी पत्राची घडी घालू लागलो.

"पुडं?"

"पुढं... पुढं तब्येतीचं वगैरे आहे. खुशाली आहे."

"आणा इकडं," म्हणून तुळशीनं पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. तिला शिकवायची अवदसा मलाच आठवली होती! ती वाचू लागली.

"'पण नीरा, हा नवरा कुठून शोधून आणलास? पोरीशेजारी हळद लावून बसलेला हा टकल्या थेरडा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा दिसतो! गाल सुजलाय, दाढ कुजली असणार. आणि हळदीतच घोरतोय! गावातलं एक माणूस लग्नाला आलेलं दिसत नाही, तेव्हाच समजलो. मी मेलो होतो का? साहेबाला हाच फोटो दाखवला, त्यालाही वाईट वाटलं, रजा दिली. चैत्रात येतोय. आल्यावर त्या थेरड्याला आधी खाडीत बुडवतो, मग घरी येतो.'"

तुळशी भिंतीला धरून खाली बसली. हसून हसून तिला बोलता येईना. कुंपणापलीकडून कोंडाजीचाही आवाज आला. चार महिने गप्प राहिलेला माणूस ठसका लागेपर्यंत हसत होता.

"मी आत्ता लिहितो त्याला!" मी दौत ओढली. "खरा नवरा थळचा, वीस वर्षांचा, देखणा पोरगा आहे, हा मी फोटोग्राफर..."

नीराबाईनं माझा हात धरला. ती हसत नव्हती.

"नको, शेट. लिवू नका."

"का?"

"चार वरसं मी लिवते, ये. पोरीनं लिवलं, ये. आला न्हाय. तुमचा थोबडा बगून येतोय." तिनं पत्र घेऊन कमरेला खोवलं. "येऊ द्या त्याला."

मी दौत बंद केली.

तर असं आहे. आज चैत्रातला मंगळवार. रेवदंड्याच्या बंदरात आगबोट लागायला तासभर आहे. केसर नवऱ्याला घेऊन थळहून आली आहे, नीराबाईनं नवं लुगडं नेसलं आहे, आणि बुधाजीची समजूत काढायला मी समोर हवाच, असा कोळीवाड्याचा आग्रह आहे. मला पोहता येत नाही, हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. तुळशीनं माझा कोट झटकून हातात दिला, पानाचा डबा मात्र काढून घेतला.

"तोंड रिकामं ठेवून जा," ती म्हणाली. "आणि वाकून नमस्कार करा हं. सासरे येतायत तुमचे!"